विदर्भाच्या उन्हाळ्यात कुत्र्या-मांजरांची काळजी : मार्चपासून मृगापर्यंत

अकोला, चंद्रपूर किंवा नागपूरचा मे महिना कसा असतो, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही आता इथे बातमीही राहिलेली नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात तो ४७.९ अंश सेल्सियसपर्यंत गेला होता. आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो, बाहेरची कामे सकाळीच उरकतो. घरातला कुत्रा आणि मांजर मात्र आपण ठरवलेल्या वेळेला खातात, आपण नेऊ तेव्हा फिरतात आणि आपण ठेवू तिथे बसतात. म्हणून माझे ठाम मत आहे की, त्यांच्या उन्हाळ्याची निम्मी काळजी घराचे घड्याळ बदलण्यात आहे. गाद्या, पंखे आणि औषधे यांचा विचार त्यानंतर करावा.

पुढचे सगळे उपाय एका गोष्टीवर अवलंबून आहेत, म्हणून ती आधी समजून घेऊ. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो, पण त्याने शरीर थंड होत नाही. तो थंड होतो तो जिभेवरून, तोंडातून आणि नाकाच्या आतल्या ओलाव्यावरून. ते पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. निवांत बसलेला कुत्रा मिनिटाला १० ते ३० श्वास घेतो, तर धापा टाकताना हाच आकडा २०० च्याही पुढे जाऊ शकतो. मांजर हेच काम अंग चाटून करते. केसांवरची लाळ सुकते तेव्हा तिला गारवा मिळतो. म्हणजे दोघांचाही भरवसा पाणी वाफ होण्यावर आहे. पोटात पाणी कमी असेल किंवा हवा आधीच दमट असेल, तर ही सोय अपुरी पडते. म्हणूनच मुंबई-रत्नागिरीकडच्या ३४ अंशांच्या चिकट दुपारीही कुत्रा बेजार होतो आणि तिथे कूलर लावून उपयोग होत नाही, तर आपल्या कोरड्या हवेत तोच कूलर वरदान ठरतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुत्र्या-मांजरांच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. खोलीतली हवाच ४२ अंशांवर गेली की नुसता पंखा कोरड्या अंगावर गरम वारा फेकत राहतो. अंग ओले असेल तरच तो पंखा कामाचा.

मार्चमध्येच करायची तयारी

होळी झाली की तयारीला लागावे. बदलत्या उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे दिवसभर एसीत राहणारा कुत्रा एप्रिलच्या मध्यात एकदम दुपारच्या लग्नाला किंवा गावी नेणे धोक्याचे असते. याच महिन्यात त्याचे वजन करून घ्यावे. फासळ्यांवरून हात फिरवल्यावर त्या बोटांना जाणवत नसतील, तर चरबीचा तो थर उन्हाळ्यात जाड दुलईसारखा अंगावर राहणार आहे, आणि तो उतरवायला फेब्रुवारी-मार्चच योग्य.

कोणाला जास्त जपायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू आणि मांजरांमध्ये पर्शियन, अशा चपट्या नाकाच्या जातींची श्वासाची वाटच अरुंद असते. त्या धापा टाकतात, पण थंड होत नाहीत, उलट धापा टाकण्याच्या श्रमानेच आणखी तापतात. हस्की आणि सेंट बर्नार्ड हे बर्फाळ मुलखातले कुत्रे आहेत. विदर्भात ते पाळूच नयेत असे मला मनापासून वाटते, पण घरात आलेच असतील तर त्यांना मे महिनाभर थंड खोली देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हातारी, लठ्ठ, गाभण, हृदयाची किंवा श्वासाची तक्रार असलेली जनावरे आणि लहान पिल्ले याच यादीत येतात. गावठी कुत्रा किंवा कारवान तुलनेने काटक असतो खरा. पण पत्र्याखाली बांधून ठेवला तर तोही उष्माघाताने दगावतो.

तिसरे काम बहुतेक जण विसरतात. आपल्या गावातले प्राण्यांचे बरेच दवाखाने दुपारी बंद असतात आणि उष्माघाताची वेळही नेमकी तीच असते. दुपारी दोन वाजता कोणता दवाखाना उघडा असतो, कोणते डॉक्टर फोन उचलतात आणि तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे मार्चमध्ये विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. घरात एक डिजिटल थर्मामीटर फक्त जनावरासाठी ठेवावा. टोकाला व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात साधारण एक इंच सरकवतात. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे निरोगी तापमान आहे. जनावर धडधाकट असतानाच एकदा त्याच्या हिरड्यांचा रंगही नीट पाहून ठेवावा, कारण नेहमीचा गुलाबी रंग ठाऊक नसेल तर बिघडलेला रंग ओळखता येत नाही.

बसायची जागा

जनावराची जागा माणसाने त्याच्या उंचीवर बसून पारखावी. दुपारी दोन वाजता त्याच्या जागेवर जमिनीवर दहा मिनिटे बसून पाहा. खिडकीतून येणारी झळ, भिंतीचा ताप, कोंडलेली हवा, सगळे कळते. गच्चीखालची खोली, पत्र्याची पडवी आणि पश्चिमेची भिंत या तीन जागा टाळाव्यात. तळमजल्यावरची शहाबादी फरशी, न्हाणीघराबाहेरचा कोपरा, माठाजवळची जागा या उत्तम, आणि जनावर मोकळे असेल तर तेच त्या शोधून काढते. म्हणून त्याला एका जागी साखळीने बांधून ठेवू नये. सावली सरकते, साखळी सरकत नाही. सकाळी नऊला सावलीत बांधलेला कुत्रा बारा वाजता भर उन्हात असतो, आणि घरचे सगळे कामावर गेलेले असतात.

अंगणातच ठेवायचा असेल तर कडुनिंबाची सावली पत्र्याच्या खुराड्यापेक्षा कितीतरी बरी. खुराडे ठेवणे भागच असेल तर त्याच्या पत्र्यावर पांढरा चुना मारावा, वर तुराट्या किंवा गवताचा जाड थर टाकावा आणि समोरासमोर दोन बाजूंनी हवा खेळू द्यावी. दारावर वाळ्याची ताटी किंवा ओले गोणपाट लावले की आत येणारी कोरडी हवा गार होऊन येते. पण गोणपाट सुकले की ते नुसता आडोसा होऊन बसते, म्हणून दर तासाला पाणी मारायला कोणीतरी घरी हवे.

कूलर लावताना खोलीची समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर तासाभरात आत दमटपणा साचतो आणि कुत्र्याच्या धापा वाढतात. कूलरच्या लोखंडी अंगात वीज उतरून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. ओल्या पायांनी त्याला टेकून बसणाऱ्या जनावराचा धोका तितकाच आहे. अर्थिंग तपासून घ्यावे, वायर पिल्लाच्या दातांपासून लांब ठेवावी आणि टाकीतले पाणी जनावराला पिऊ देऊ नये. एसी असेल तर २६-२७ अंश पुरेत. त्याहून थंड खोलीतून एकदम अंगणात जाणे त्याला जड जाते.

पाणी

कुत्र्याला एरवी दिवसाला दर किलो वजनामागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला साधारण एक-सव्वा लिटर, आणि मे महिन्यात त्याच्या दीडपट-दुप्पटही लागू शकते. भांडे मातीचे असावे, कारण त्यातले पाणी माठासारखे गार राहते. पसरट आणि जड असावे, म्हणजे लाथेने कलंडत नाही. स्टीलचे भांडे उन्हात तासाभरात इतके तापते की कुत्रा तोंड लावून मागे फिरतो, आणि आपण समजतो की त्याला तहान नाही. घरात किमान दोन ठिकाणी पाणी असावे, सकाळी आणि दुपारी ते बदलावे, भांडे रोज घासावे. फाटकाबाहेर रस्त्यावरच्या जनावरांसाठी ठेवलेल्या कुंडीलाही हाच नियम लागू आहे, नाहीतर चार दिवसांत त्यात डासांच्या अळ्या दिसतात.

पुरेसे पाणी जाते की नाही, हे पाहायला एक साधी खूण आहे. मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून वर उचलावी आणि सोडावी. ती लगेच जागेवर बसली पाहिजे. सावकाश खाली येत असेल, हिरड्या बोटाला चिकट लागत असतील आणि लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे.

मांजराचे प्रकरण वेगळे आहे. ती मुळातच कमी पाणी पिते. कोरडे दाणे खाणाऱ्या बोक्याच्या लघवीत खडे किंवा चिकट गाळ तयार होऊन वाट बंद होण्याची भीती असते. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, कण्हतो आणि एक थेंबही होत नाही असे दिसले, तर ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. उन्हाळ्यात मांजराला ओले अन्न द्यावे, बिनमिठाचे आणि बिनमसाल्याचे चिकनचे पातळ पाणी अन्नावर ओतावे, आणि पाण्याचे भांडे जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवून पाहावे. अनेक मांजरी तसे ठेवलेले पाणी जास्त पितात.

खाणे

जेवणाच्या वेळा पहाटे आणि रात्री ठेवाव्यात. पचनानेही अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर दुपारी पोटभर वाढू नये. मे महिन्यात कुत्रा एक-चतुर्थांश अन्न टाकतो, याची काळजी नसावी. सलग दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. मांजर एक पूर्ण दिवस उपाशी राहिले तरी दाखवावे. दही-भात, बिनमिठाचे पातळ ताक, काकडी, बिया काढलेले कलिंगड हे थोड्या प्रमाणात कुत्र्याला चालते, मात्र ज्यांना दुधाच्या पदार्थांनी जुलाब होतात त्यांना ताकही नको.

आपल्या उन्हाळी सवयींतल्या काही गोष्टी त्यांना घातक आहेत. ऊन लागू नये म्हणून आपण कांदा खातो. कुत्र्या-मांजरांना कांदा विषारी आहे, कारण त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो की भाजीच्या रश्श्यातला. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. आंब्याचा गर थोडा चालतो, पण कोय कधीच नाही. मे-जूनमध्ये आतड्यात कोय अडकल्यामुळे कुत्र्यांना शस्त्रक्रियेची पाळी येते. पन्हे, सरबत आणि आइस्क्रीम साखरेमुळे नकोत. चॉकलेटचे आइस्क्रीम तर अजिबात नको.

फिरायला नेणे

या दिवसांत पहाटे पाच ते साडेसहा आणि रात्री साडेआठनंतर, याच वेळा खऱ्या. सूर्य मावळला म्हणजे ऊन संपले असे नव्हे. डांबरी रस्ता आणि सिमेंटची गच्ची दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात, आणि कुत्र्याचे पोट जमिनीपासून वीतभर-हातभरच वर असते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवावी. सात सेकंद धरवत नसेल तर तिथून कुत्र्याला नेऊ नये. पंजे भाजले की तो लंगडतो, पाय चाटतो, गाद्यांवर फोड येतात.

या ठिकाणी माझी स्वतःची चूक सांगतो. आमचा लॅब्राडोर शेरू तेव्हा पाच वर्षांचा आणि छत्तीस किलोंचा होता. मे महिन्यातली संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, ऊन उतरलेले. मुलाने गच्चीवर त्याच्याबरोबर जेमतेम पंधरा मिनिटे चेंडू खेळला. चेंडू आणून देताना शेरूची जीभ नेहमीपेक्षा रुंद, टोकाशी पळीसारखी पसरून कडा वर वळलेली दिसत होती. लाळ पातळ न गळता दोऱ्यासारखी लोंबत होती. ती थांबण्याची खूण होती, आणि आम्ही आणखी चार वेळा चेंडू फेकला. मग तो बसला, उठताना मागचे पाय लटपटले आणि आडवा झाला. हिरड्या विटेसारख्या लाल. आम्ही घाबरून त्याला ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळले आणि तापलेल्या गाडीत घालून दवाखाना गाठला. वीस मिनिटे लागली. डॉक्टरांनी सर्वांत आधी तो टॉवेल काढून फेकला. तो हाताला चक्क कोमट लागत होता. मग त्यांनी त्याला नळाखाली धरून पंखा लावला. थर्मामीटरवर १०६.८ आकडा होता. शेरू वाचला, पण ती वीस मिनिटे आम्ही घरच्या घरी पाणी ओतण्यात घालवायला हवी होती, हे आजही मनाला लागून आहे.

चेंडूच्या खेळासाठी कुत्रा जीव जाईपर्यंत पळतो, तो स्वतः थांबत नाही. म्हणून एप्रिल आणि मेमध्ये पळण्याचे खेळ पूर्ण बंद ठेवावेत आणि घरात सावलीत खाऊ लपवून वासाने शोधायला लावावा. तेवढ्यानेही त्याचे मन रमते. तोंड घट्ट बांधणारे मुसके तर या दिवसांत लावूच नये, कारण तोंड उघडता आले नाही की थंड होण्याची वाटच बंद होते. उभ्या गाडीत, काच चार बोटे खाली करूनही, पाच मिनिटेसुद्धा सोडू नये. बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते.

केस, आंघोळ आणि गोचीड

दुहेरी केसांच्या, म्हणजे वर लांब केस आणि आत मऊ लव असलेल्या, कुत्र्याचे केस मुळापासून भादरून टाकू नयेत. ते ऊन अडवतात, आणि भादरल्यावर कातडी भाजते. आतली मेलेली लव रोज विंचरून काढावी. पोटाखालचे आणि पंजांमधले केस कापले तरी पुरे. दहा-पंधरा दिवसांतून एकदा आंघोळ पुरेशी असते. एरवी पाय, पोट आणि काख ओल्या फडक्याने पुसावी, आणि जाड केस मुळापर्यंत कोरडे करावेत, नाहीतर खाज आणि बुरशी होते.

याच दिवसांत गोचीड वाढतात. कान, बोटांच्या बेचक्या आणि मान रोज चाचपावी. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्रा मलूल होतो, खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. याला ‘ऊन लागले’ समजून घरगुती उपाय करत बसल्याने दिवस वाया जातात. कुत्र्यांसाठीच्या गोचिडांच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला लावू नये आणि औषध सुकेपर्यंत दोघांना एकत्र झोपूही देऊ नये. मांजराला त्याने झटके येतात. फिनेलने फरशी पुसण्याचेही तसेच. गार फरशीवर लोळलेले मांजर नंतर अंग चाटते आणि फिनेल पोटात जाते.

मांजरासाठी आणखी दोन गोष्टी. हवेसाठी खिडक्या उघडल्या की गॅलरीला जाळी आधी लावावी, कारण कठड्यावर झोपलेले मांजर कुशीवर वळताना खाली पडते. आणि कपाट, वॉशिंग मशीन, पलंगाची पेटी बंद करण्यापूर्वी आत डोकावून पाहावे. अंधाऱ्या जागेत गारवा शोधत ती तिथे जाऊन निजते.

वीज गेली तर

फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवाव्यात. वीज गेली की त्या टॉवेलमध्ये गुंडाळून जनावराच्या शेजारी ठेवाव्यात. अंगावर ठेवू नयेत, त्याला हवे तेव्हा टेकता यावे. फरशीवर पाणी मारून पोट आणि पंजे ओले करावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सकाळीच दोन बादल्या भरून न्हाणीघरात ठेवाव्यात. दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. ऐन प्रसंगी नळ उघडला तर तेच पाणी कुत्र्याच्या अंगावर येईल.

उष्माघात : आधी पाणी, मग गाडी

सावलीत बसवूनही धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, तोल जातो, उलटी किंवा रक्ताचे जुलाब होतात, नजर शून्यात लागते, झटके येतात. यांतले काहीही दिसले तर तो उष्माघात समजावा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर इतर कोणत्याही खुणेची वाट पाहू नये. मांजरात ही खूण एकटीच पुरेशी आहे.

जनावराला लगेच सावलीत, शक्यतो न्हाणीघराच्या फरशीवर आणावे. पट्टा काढावा. बादलीतले साधे पाणी मान, छाती, काख, पोट आणि मांड्यांच्या आतल्या बाजूवर सलग ओतत राहावे, तोंड आणि नाक मात्र वाचवावे. पाणी केसांच्या मुळापर्यंत जाईल असे हाताने चोळावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नये. शुद्धीत असेल तर समोर पाणी ठेवावे, हवे तेवढे पिऊ द्यावे. तोंडात ओतू नये, कारण ते फुफ्फुसात जाते. दर तीन-चार मिनिटांनी ताप मोजावा आणि तो १०३ वर आला की ओतणे थांबवावे, नाहीतर पुढे अंग नको इतके थंड होते. घरात दुसरे कोणी असेल तर तोपर्यंत डॉक्टरांना फोन करावा आणि गाडीचा एसी सुरू करून ठेवावा. दवाखान्यात नेताना खिडक्या उघड्या किंवा एसी सुरू हवा आणि अंग ओले हवे.

पॅरासिटॅमॉलची गोळी देऊ नये. मांजराला एक गोळीही मारक ठरते, कुत्र्यालाही ती अपायकारक आहे, आणि उष्माघाताचा ताप त्या गोळीने उतरतच नाही. जनावर उठून चालू लागले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांतला बिघाड पुढच्या दोन-तीन दिवसांत उघड होतो; शेरूची रक्ततपासणी म्हणूनच तिसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागली होती.

मृग लागल्यावर

नवतपा सरला, जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग दाटले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण पाऊस पडण्यापूर्वीचे हे दहा-बारा दिवस कुत्र्याला मेइतकेच जड जातात, कारण पारा ४० च्या आसपास असतो आणि हवा दमट झालेली असते. या दिवसांत कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा ठेवावा आणि पोट-पंजे ओले करत राहावे. फिरण्याची वेळ पहाटेचीच ठेवावी. चांगला पाऊस होऊन रात्री गार होऊ लागल्यानंतरच, आणि तेही सुरुवातीला पाच-दहा मिनिटांपुरताच, चेंडू पुन्हा बाहेर काढावा.